ओव्हरटाइम धरायचा नसतो

८९

फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला काचेची पेटी होती आणि तिच्यात ज्येष्ठतेची यादी लावलेली असायची. सगळ्यात जुना कामगार एक नंबर, सगळ्यात नवा तळाला. कोणी निवृत्त झालं, वारलं किंवा वैतागून निघून गेलं की त्याच्या खालचे सगळे एकेक घर वर सरकायचे. कारखान्यातल्या कोणाच्या मयताला जायच्या आधी आम्ही त्या पेटीसमोरून एक चक्कर मारायचो. तसं कोणी बोलून दाखवत नसे.

कामगार कमी करायचे झाले की कंपनी तळापासून कापत वर येते. म्हणून तो नंबर. तो पगारापेक्षा मोठा.

माझी बहीण नोरीन अठ्ठ्याऐंशी, मी एकोणनव्वद.

आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो, १९९९ साली, एकाच सकाळी, बाबांच्या गाडीतून उतरून. दिवस सारखा असेल तर सोशल सिक्युरिटी नंबराचे, म्हणजे सरकार प्रत्येकाला देतं त्या नंबराचे, शेवटचे चार आकडे बघतात. ज्याचे लहान, तो वर. ते नंबर आम्हाला लहानपणी मिळाले होते, तेही एकाच दिवशी. बाबा आम्हाला घेऊन कचेरीत गेले तेव्हा नोरीन दहा वर्षांची होती, मी आठ. आमचा पुकारा झाला आणि मी संडासात होतो. कारकुनाने नोरीनचा कागद आधी घेतला. तिचे शेवटचे चार आकडे ४४१७. माझे ४४१८.

ओहायोच्या त्या कचेरीतला तो संडास मला अजून आठवतो. दाराला कडी नव्हती, आणि मी एका पायाने दार दाबून बसलो होतो.

८९

नोरीन पंधरा वर्षं गिअरच्या दात्यांवरचा बर, म्हणजे कापल्यावर उरलेली धारदार कड, काढत होती. उभं राहायचं, हातात ग्राइंडर धरायचा, दर चाळीस सेकंदाला एक गिअर. ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये जातात ते, प्रत्येकी नऊ किलोचे. तिचा उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, काम बदला. फोरमन म्हणाला, हात बदल.

एका दुपारी जेवायच्या सुट्टीत ती माझ्या समोर येऊन बसली आणि टेबलावर एक पत्रक ठेवलं. नदीपलीकडच्या कम्युनिटी कॉलेजचं. दोन वर्षांची पदवी, इंजिनीअरिंग टेक्नॉलॉजी, नोकरी सांभाळून केली तर साडेतीन वर्षं.

"मोजमापाच्या खोलीत टेक्निशियन लागणार आहेत," ती म्हणाली. "पण त्यांना हा कागद पाहिजे. छोट्या, खरं सांग, परवडेल का?"

मला माझ्या नावाने ती कधीच हाक मारायची नाही. मी लाइल डुबिक. युनियनचा प्रतिनिधी, दोन मुलांचा बाप, टक्कल पडायला लागलेलं, तरी भर कँटीनमध्ये मी छोट्या.

"माझ्याकडे काय बघतेस? बँकेत जा."

"बँकवाला टाय घालतो. टाय घातलेल्या माणसाला मी पैशाचं विचारत नाही."

मग मी पत्रकाच्या पाठीवर हिशेब मांडला. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

फी दहा हजार एकशे बारा डॉलर. पुस्तकं दोन हजार तीनशे दहा. नदीपलीकडे जायचं पेट्रोल एकोणीसशे. त्यातून कंपनी निम्मी फी परत देणार. उरले नऊ हजार दोनशे सहासष्ट. आता कमाई. ताशी तेवीस डॉलर चाळीस सेंटने आठवड्याचे चाळीस तास, वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार सहाशे बहात्तर. टेक्निशियनचा पगार अठ्ठावन्न हजार. फरक नऊ हजार तीनशे अठ्ठावीस.

"एका वर्षात वसूल," मी म्हणालो. "वर बासष्ट डॉलर उरतात."

"बासष्ट डॉलरची पार्टी देईन तुला."

"शनिवारचे जादा तास धरलेले नाहीत," मी म्हणालो.

"ते कशाला धरायचे?"

खरंच, कशाला? बाबांनी आम्हाला शिकवलेली एकच गोष्ट ती होती. घर चालवायचं ते चाळीस तासांवर. ओव्हरटाइम हा पगार नव्हे. तो आज आहे, उद्या नाही. ओव्हरटाइम धरून ज्यांनी गाड्या घेतल्या त्यांच्या गाड्या बँकेने ओढून नेलेल्या आम्ही पाहिल्या होत्या. आमच्या कारखान्यात देव न मानणारे पुष्कळ होते. हे न मानणारा कोणी नव्हता.

आणखी एक गोष्ट मी कागदावर धरली नाही. टेक्निशियन झालं की माणूस युनियनच्या बाहेर जातो. नोरीन बाहेर गेली तर अठ्ठ्याऐंशीची जागा रिकामी होणार आणि तिच्या खालचे सगळे एक घर वर येणार. सगळ्यात आधी मी.

मी ते पाहिलं. हिशेब चुकवला नाही, काही वाढवलं नाही, काही लपवलं नाही. नुसतं पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

८९

प्रयोगशाळेचे तास शनिवारी असायचे. सकाळी आठ ते दोन.

तिसऱ्या वर्षी त्यांना एक विषय होता, यंत्र घ्यावं की घेऊ नये याचा हिशेब कसा करायचा असा. सरांनी सांगितलं, यंत्राऐवजी तुमचीच पदवी घ्या आणि हिशेब करून आणा. नोरीनने माझा कागद नेला. सरांनी तो वाचला आणि विचारलं, "तुम्ही शनिवारी इथे येता. नाहीतर शनिवारी काय करता?"

ती रविवारी माझ्याकडे आली तेव्हा मी गवत कापत होतो. यंत्र बंद करायला लावून तिने मला सांगितलं.

"वर्षाला सेहेचाळीस शनिवार. दीडपट दराने एका शनिवारचे दोनशे ऐंशी. साडेतीन वर्षांत एकशे एकसष्ट शनिवार. किती होतात सांग."

"किती?"

"पंचेचाळीस हजार."

मी यंत्राच्या पात्यात अडकलेलं गवत काढायला लागलो.

"अजून ऐक. टेक्निशियनला ओव्हरटाइम नाही. बांधलेला पगार. म्हणजे तू, चौथी नापास होता होता वाचलेला, शनिवार धरून वर्षाला साडेएकसष्ट हजार कमावतोस. आणि मी पदवी घेऊन अठ्ठावन्न. साडेतीन वर्षं डोळे फोडून शिकायचं, आणि वर्षाला साडेतीन हजार कमी मिळवायचे!" ती पायरीवर बसली आणि हसत सुटली. खांदा दुखायला लागला म्हणून डाव्या हाताने तो धरून हसत राहिली. "सर म्हणाले, एवढा स्वच्छ चुकलेला हिशेब मी आजवर पाहिला नाही. मला अ श्रेणी दिली त्यांनी."

"मग सोडतेस?"

"एकच सत्र राहिलंय, मूर्खा."

"नोरीन, मी ओव्हरटाइम..."

"माहिती आहे. धरायचा नसतो." तिने डोळे पुसले. "मी पण धरला नाहीच की. तुला एकट्याला कुठे शिकवलं होतं बाबांनी?"

८८

मार्चच्या एका सोमवारी ती वर गेली. वर म्हणजे त्याच इमारतीत, चाळीस पावलांवर, काचेच्या भिंतीमागे. मोजमापाची खोली बाराही महिने अडुसष्ट अंश फॅरनहाइटवर ठेवलेली असते. बाहेर ऑगस्टमध्ये आम्ही शंभरच्या वर असतो. मधोमध काळ्या ग्रॅनाइटचं टेबल, त्यावर एक यंत्र गिअरच्या प्रत्येक दात्याला हलकेच स्पर्श करतं आणि आकडा सांगतं.

"मजा आहे तुझी, गार हवेत," मी पहिल्या आठवड्यात म्हणालो.

"माझ्यासाठी नाहीये ती. लोखंड फुगू नये म्हणून आहे." तिने पांढरा कोट नीट केला. "पण मी काही तक्रार करत नाही. लोखंडाबरोबर माझंही भागतंय."

त्या दिवशी पेटीतली यादी बदलली. मी अठ्ठ्याऐंशी.

करारात एक कलम होतं. बाहेर गेलेल्या माणसाला वर्षाच्या आत परत यायचं असेल तर तो आपल्या जुन्या नंबरावर परत येऊ शकतो. वर्ष उलटलं की त्याची सगळी वर्षं पुसली जातात. नोरीनची मुदत पुढच्या मार्चच्या पंधरा तारखेपर्यंत, शुक्रवार, दुपारी बारा. ती मीच तिला लिहून दिली होती. फ्रिजवर चिकटवून ठेव म्हटलं होतं.

८८

मंगळवार, बारा मार्च. कंपनीने युनियनच्या कमिटीला सकाळी नऊला बोलावलं. आम्ही पाचजण होतो. आधी एका कागदावर सह्या घेतल्या, सोमवारपर्यंत कोणाजवळ बोलणार नाही म्हणून. मग दुसरा कागद दिला.

दुसरी पाळी बंद. अठ्ठ्याऐंशी कामगार राहणार, बाकीचे जाणार. मोजमापाच्या खोलीत सहाऐवजी दोन टेक्निशियन राहणार. सगळ्यात जुने दोन.

आमचा अध्यक्ष बर्नी ओस्ट्रँडर, नंबर तीन, माझ्या शेजारी होता. त्याने कागदावर बोट फिरवत फिरवत अठ्ठ्याऐंशीपाशी आणलं आणि माझ्याकडे पाहिलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "वाचलास की रे, डुबिक. केसभराच्या अंतराने."

"हो."

"तुझ्या बहिणीची परतीची मुदत कधी संपते?"

"शुक्रवारी."

बर्नीने खिशातून तंबाखूची डबी काढली, उघडली, पुन्हा बंद केली. "मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला. "आणि तू मला काही सांगितलं नाहीस. मी आज आलोच नव्हतो असं समज."

म्हणजे निर्णय माझा. मी शुक्रवारच्या आत बोललो तर नोरीन परत येणार. अठ्ठ्याऐंशी ती. एकोणनव्वद मी, आणि मी फाटकाबाहेर. नाही बोललो तर मी आत, आणि ती दोन्हीकडून बाहेर. टेक्निशियनमध्ये ती सगळ्यात नवी, आणि युनियनमध्ये तिचं नावच नाही.

वीस वर्षांत मी कित्येक कागदांवर सह्या केल्या आणि कित्येक मोडल्या. ही सही मात्र मला फार पवित्र वाटली.

८८

गुरुवारी चार वाजता मी चर्चच्या तळघरात गेलो. ईस्टरआधीच्या, मांस न खायच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी तिथे तळलेला मासा आणि पिरोही विकतात, आणि आदल्या दिवशी बायका बसून पिरोही वळतात. मैद्याची पारी, आत बटाटा आणि चीज, कडा चिमटून बंद. नोरीन डाव्या हाताने चिमटत होती. शेजारी मिसेस टोमको होत्या, वय एक्क्याऐंशी, आमच्या आईच्या मैत्रीण.

मी सांगायला गेलो होतो. हे खरं आहे. गाडीत मी वाक्य तयार केलं होतं. उद्या बाराच्या आत परत ये, कारण विचारू नकोस. एवढंच. यात सहीही मोडत नव्हती.

"या, युनियनवाले," मिसेस टोमको म्हणाल्या. "हात धुवा आणि बसा. इथे संप चालत नाही."

मी हात धुतले.

"तुझ्या बहिणीला विचारत होते, कॉलेजला घातलेले पैसे कधी फिटणार तिचे?"

"मग? काय म्हणाली?"

"म्हणते, कधीच नाही."

"कधीच नाही," नोरीन म्हणाली. "दरवर्षी साडेतीन हजारांनी मागेच जातेय मी. मी जितकी जास्त जगेन तितका तोटा वाढणार."

"अगं बाई! मग शिकलीस कशाला?"

नोरीनने चिमटलेली पिरोही पीठ भुरभुरवलेल्या ताटात ठेवली. "परवा एक गिअर आला. बाहेर सगळ्यांनी पास केलेला. मी यंत्राखाली ठेवला तर एका दात्यात केसाच्या दहाव्या भागाएवढी चूक. कोणाला दिसली नसती. मला दिसली. आणि ती का आली हेही मला कळलं, कुठल्या यंत्रावर, कुठल्या बाजूला ताण बसलाय ते. अठरा वर्षं तेच गिअर हातात धरले, मिसेस टोमको, पण ते काय आहेत हे मला माहीतच नव्हतं."

"त्याचे पैसे मिळतात?"

"नाही."

"मग नवऱ्यासारखंच झालं," मिसेस टोमको म्हणाल्या, आणि तळघरभर बायका हसल्या.

मीही हसलो. माझ्या हातातली पारी फाटली आणि बटाटा बाहेर आला.

"छोट्या, तू त्यांना मारतोयस. चिमट, मारू नकोस." तिने ती माझ्या हातातून घेतली. "बरं झालं आलास. उद्या बाराला माझी मुदत संपतेय ना?"

"हो."

"सकाळपासून डोक्यात आहे. तू कमिटीवर आहेस. सांग मला, परत येऊ का?"

समोरच्या मोठ्या पातेल्यातून वाफ येत होती. मिसेस टोमको पारी लाटत होत्या, त्यांना ऐकू कमी येतं. नोरीनने हातातलं काम थांबवलं होतं. तिने मला विचारलं होतं, सरळ, पिठाच्या हातांनी, माझ्याकडे बघत.

"खांदा काय म्हणतो?" मी विचारलं.

"खांदा म्हणतो, नको."

"मग?"

"मग काय. झालं." ती पुन्हा चिमटायला लागली. "काही असतं तर तू सांगितलंच असतंस."

मी आणखी चाळीसेक पिरोही वळल्या. मिसेस टोमको म्हणाल्या, हळूहळू हात बसायला लागला.

शुक्रवार

७:०० पाळी सुरू.

९:१५ गिअरच्या एका पेटीवर चुकीचा शिक्का पडला. मी बदलला.

१०:०० कॉफी. बर्नी माझ्या टेबलावर बसला नाही.

११:०० खांदा तिचा आहे. परत आली असती तर पुन्हा ग्राइंडर. दोन वर्षांत हात उचलता आला नसता. हे मी स्वतःला सांगितलं. हे खरंही आहे.

११:२० दोन मुलं. हप्ता. बायकोची औषधं माझ्या विम्यावर. हेही खरं.

११:४० एक गिअर हातात घेऊन मोजमापाच्या खोलीपाशी गेलो. गिअरमध्ये काही दोष नव्हता. काचेतून नोरीन दिसली, पाठमोरी, ग्रॅनाइटवर वाकलेली.

११:४४ ती वळली. मला पाहून गिअरकडे बोट केलं, काय झालं असं विचारलं. मी मान हलवली, काही नाही. दारावर पाटी आहे, विनाकारण उघडू नये, तापमान बिघडतं. मी ती पाटी पूर्ण वाचली.

११:५१ ती अजून बघत होती. मग तिने घड्याळाकडे बोट दाखवलं, आणि कपाळावरचा घाम पुसल्यासारखं केलं. सुटले बाबा एकदाचे, अशा अर्थी.

१२:०० भोंगा.

संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये आम्ही सगळे मासा खायला गेलो. फाटक्या पिरोही विकत नाहीत, त्या वळणाऱ्यांना देतात. नोरीनने माझ्या मुलांच्या ताटल्यांत त्या भरभरून वाढल्या. "तुमच्या बापाचं हस्ताक्षर," ती म्हणाली.

८८

सोमवारी यादी लागली. अठ्ठ्याऐंशीच्या खाली लाल रेघ मारलेली होती.

नोरीनला दहा वाजता बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा पांढरा कोट घडी करून हातावर होता. तो कंपनीचा होता, तो परत द्यायचा होता, पण कुठे द्यायचा हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"तीन दिवस," ती मला म्हणाली. "फक्त तीन दिवस, छोट्या. शुक्रवारी मी आले असते तर..." मग तिने पेटीकडे पाहिलं, रेघेकडे, रेघेच्या वर शेवटच्या नावाकडे. "नाही. बरंच झालं. नाहीतर तू गेला असतास."

मी काहीतरी म्हणालो. काय ते आठवत नाही. बहुतेक म्हणालो, युनियन बघेल.

"तुला तरी आधी कळलं का रे?"

"आजच," मी म्हणालो.

अकरा आठवडे मी आत होतो. एकतीस मेला कंपनीने उरलेला कारखानाही बंद केला. एक नंबरपासून अठ्ठ्याऐंशीपर्यंत, सगळे एकाच दिवशी. बर्नी तीन नंबरवर होता, मी शेवटचा, आणि आम्ही एकाच फाटकातून एकाच वेळी बाहेर पडलो. कोणीतरी पेटीची काच उघडून यादी काढून नेली होती. चार टाचण्या तेवढ्या राहिल्या होत्या.

अकरा आठवड्यांचे, ताशी तेवीस डॉलर चाळीसने, शनिवार न धरता, दहा हजार दोनशे शहाण्णव झाले. तिच्या पूर्ण फीपेक्षा एकशे चौऱ्याऐंशी डॉलर जास्त.

हा हिशेब मी कोणी न सांगता केला. तो बरोबर आहे. तीनदा तपासला.

फॉर्म

कारखाना गेला की सरकार कामगारांना पुन्हा शिकवायला पैसे देतं. जुलैत मी नदीपलीकडे कॉलेजात गेलो. सल्लागार एक तरुण मुलगी होती, तिने भिंतीवरचा तक्ता दाखवला. इंजिनीअरिंग टेक्नॉलॉजी, दोन वर्षांची पदवी, खर्च एवढा, पहिल्या वर्षीची सरासरी कमाई एवढी. दोन रंगांचे खांब होते, एक बुटका, एक उंच.

"तुम्हाला तर फी पण नाही," ती म्हणाली. "म्हणजे तुमच्यासाठी हा बुटका खांब धरायचाच नाही."

"ही कमाई कुठे मिळते?"

"कोलंबसच्या बाजूला. तिकडे बऱ्याच जागा आहेत." कोलंबस आमच्याकडून अडीच तास. माझं घर विकायला काढलं तर घ्यायला कोण येणार? तेच अठ्ठ्याऐंशी लोक. त्यांचीही घरं विकायला काढलेली.

"फॉर्म भरायला मदत लागली तर गणिताच्या खोलीत जा," ती म्हणाली.

गणिताच्या खोलीत नोरीन होती. मला माहीत होतं. ताशी साडेबारा डॉलर, आठवड्याला एकोणीस तास, विमा नाही. पदवीने तिला दिलेली ती नोकरी. एका माणसाला वीस मिनिटं, टेबलावर छोटं घड्याळ.

"ये, छोट्या," ती म्हणाली. "मिशा काढल्यास? वर्गात मुली आहेत म्हणून?"

"बायकोने काढायला लावल्या. म्हणाली, मुलाखतीत म्हातारा दिसशील."

"आता म्हातारा आणि घाबरलेला दिसतोस." तिने फॉर्म माझ्यासमोर सरकवला आणि पेन दिलं. "पेन्सिल चालत नाही. खाडाखोड झाली तर नवीन फॉर्मला तीन आठवडे लागतात. नीट वाचून लिही."

नाव. पत्ता. कारखाना. किती वर्षं. वीस. यादीतला शेवटचा नंबर. अठ्ठ्याऐंशी. असा प्रश्न खरं तर नव्हता, मी तो समासात लिहिला, आणि नोरीन म्हणाली, "ते कोणी विचारलं नाही तुला."

सातवा प्रश्न. तुमच्या विभागात कपात होणार आहे हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं? तारीख लिहा.

सगळ्यांनी अठरा मार्च लिहिलं होतं, ज्या दिवशी लाल रेघ लागली तो सोमवार. टेबलावरच्या गठ्ठ्यातल्या फॉर्मवर मला ते दिसत होतं. मीही तेच लिहिलं असतं तर कोणी पाहिलं नसतं. नोरीनने तर नाहीच. तिने तो सोमवार पाहिला होता, मी तिला "आजच" म्हटलं होतं, ते प्रकरण संपलं होतं. तिच्यासमोर बसून मी पेन उचललं तेव्हा माझा विचार काय होता हे मला सांगता येत नाही. हात हलला. बारा मार्च.

मोजमापाच्या खोलीतली माणसं आकडे उलटे वाचायला शिकतात, टेबलाच्या पलीकडून.

घड्याळ टिकटिकत होतं. आठ मिनिटं राहिली होती. मागच्या टेबलावर एक मुलगा अपूर्णांक पुटपुटत होता.

"मंगळवार होता तो," नोरीन म्हणाली.

"हो."

"म्हणजे गुरुवारी तुला माहीत होतं. तळघरात."

"हो."

ती फॉर्मकडे बघत राहिली. गिअरकडे बघायची तशी. कुठल्या यंत्रावर, कुठल्या बाजूला ताण बसलाय ते शोधत. मला वाटलं ती आता ओरडेल. मला ते हवं होतं. निदान उठून जाईल. पण तिची वीस मिनिटं होती, आणि त्यांचे तिला चार डॉलर सतरा सेंट मिळणार होते, आणि अर्धवट सोडली तर मिळणार नव्हते.

"आठवा प्रश्न," ती म्हणाली. "सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे."

मी पेन टेकवलं आणि मला ते आठवेनात. चाळीस वर्षांचा माणूस, स्वतःचा नंबर.

"४४१८," नोरीन म्हणाली.

मी लिहिलं.

"खाली सही, लाइल," ती म्हणाली, आणि घड्याळ पुढच्या माणसासाठी पुन्हा वीसवर लावलं.